जाळीच्या दगडाची जाडी

अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतील जाळ्या (१५७२-७३) पाहताना नजर प्रथम दगडातल्या झाडाच्या गुंतलेल्या फांद्यांवर खिळते. नक्षीच्या त्या मोहात दगडाची जाडी मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि जाळीचे निम्मे काम तर तीच करीत असते.

समजा, दक्षिणेकडील भिंतीत पाच सेंटिमीटर जाडीची शिळा आहे आणि तिला पाच सेंटिमीटरची चौकोनी छिद्रे पाडली आहेत. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांहून वर गेला की त्याचा किरण छिद्रात शिरूनही थेट आत पोहोचत नाही, खालच्या दगडावरच अडतो. अहमदाबादेत जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, तर डिसेंबरच्या मध्यान्ही साधारण ४३ अंशांवर. म्हणजे हिवाळ्यात उन्हाची बारीक तिरीप आत येते आणि उन्हाळ्यात छिद्राच्या कडांवरून परावर्तित झालेला मवाळ उजेड तेवढा मिळतो.

आतल्याला बाहेरचे दिसते, पण बाहेरच्याला आतले दिसत नाही, यामागेही उजेडाचेच गणित आहे. दिवसा जाळीची बाहेरची बाजू इतकी उजळलेली असते की छिद्रांमधून येणारा आतला मंद प्रकाश तिच्यापुढे फिका पडतो, आणि आतून पाहणाऱ्यासमोर जाळीची सावलीतली काळसर बाजू असल्याने पलीकडचे दृश्य स्पष्ट उमटते. रात्री आत दिवा लावला की हा पडदा उलटतो.

अरुंद छिद्रांतून जाताना वारा थंड होतो, असे हमखास सांगितले जाते. ते मात्र खरे नाही. एवढ्या वेगाने वाहणाऱ्या हवेच्या तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि उघड्या खिडकीपेक्षा जाळीतून हवा कमीच येते. गारवा वाटतो तो सावलीमुळे, आणि अंगावरचा घाम वाळवणाऱ्या खेळत्या हवेमुळे.

दगडी जाळी काही मुघलांनी आणलेली नव्हे. ऐहोळेच्या चालुक्यकालीन लाडखान मंदिराच्या भिंतींत ती त्यांच्या कित्येक शतके आधीपासून आहे. मुघल काळात संगमरवर आणि कंपासपट्टीने आखलेली भौमितिक नक्षी यांमुळे तिला वेगळेच रूप आले. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात दिलरास बानू बेगमच्या कबरीभोवती असलेला अष्टकोनी जाळीदार कठडा हा त्याचा आपल्याकडील नमुना. नक्षी कोणतीही असो, कारागिराला एक बंधन कायम पाळावे लागते: उरलेल्या दगडाचा प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी जोडलेला राहिला पाहिजे, नाहीतर तो गळून पडेल. म्हणूनच जाळीत वेली, फांद्या आणि एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या इतक्या दिसतात.

हल्ली इमारतींच्या दर्शनी भागावर लेसरने कापलेले पातळ धातूचे पत्रे ‘पारंपरिक जाळी’ म्हणून बसवले जातात. दोन मिलिमीटरच्या पत्र्यातील पाच सेंटिमीटरच्या छिद्रातून सूर्य ८७ अंशांवर असतानाही किरण आत येऊ शकतो. अशा पत्र्याची सावली पडते ती फक्त न कापलेल्या भागाची.