केळ्यांची टिकवण : पॅकिंग आणि साठवण

काढणीनंतर हिरव्या केळ्यांचे पिकणे लांबवून ती दूरच्या बाजारात चांगल्या स्थितीत पोहोचवण्याच्या पद्धती. घड झाडावरून उतरला तरी फळाचे श्वसन चालूच राहते. फळातच तयार होणाऱ्या इथिलीन वायूने पिकण्याला एकदा वेग दिला की ते मागे फिरवता येत नाही. म्हणून टिकवणीची सारी धडपड हिरव्या अवस्थेचे दिवस वाढवण्यासाठी असते.

सुरुवात बागेत होते. लांबच्या बाजारासाठी घड साधारण ७५ ते ८० टक्के पक्वतेला, केळ्यावरच्या धारा पूर्ण गोल होण्याआधी कापतात. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; याच जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागातून उत्तर भारतात मोठ्या प्रमाणावर माल जातो. त्यातला बराचसा माल उघड्या घडांच्या रूपात ट्रकमध्ये रचला जात आला आहे. घासलेल्या, दबलेल्या जागी इथिलीन वाढते, बुरशीला वाट मिळते, आणि एक फळ पिकू लागले की शेजारच्यांनाही पिकवते. बागेत आपटलेला घड पुढे कितीही महागड्या पिशवीत घातला तरी टिकत नाही. कापणी आणि वाहतुकीतली काळजी हाच टिकवणीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

मध्य अमेरिकेतील निर्यातदारांना हे वाणबदलाने शिकवले. पनामा मर रोगाने ग्रो मिशेल हे वाण संपत आले आणि त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. ग्रो मिशेलचे उघडे घड जहाजाने जात. कॅव्हेंडिशची साल तेवढी सोसणारी नव्हती. त्यामुळे १९६० च्या सुमारास फण्या सुट्या करून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात आज सर्वाधिक दिसणारे ग्रँड नैन याच गटातले.

पॅकहाउसमध्ये फण्या चीक निघेपर्यंत पाण्यात धुतात. पाण्यात तुरटी वापरतात. फणीच्या कापलेल्या भागावर बुरशीनाशक लावले नाही तर प्रवासात तिथून कूज सुरू होते. मग फण्या पॉलिथिनचे अस्तर असलेल्या खोक्यात भरून थंड करतात. साठवणीचे तापमान १३ ते १४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के असावी लागते. आणखी थंडी दिली तर केळी अधिक टिकत नाहीत, उलट बिघडतात : साल काळपट होते आणि फळ नीट पिकत नाही.

बंद पिशवीत फळाच्या श्वसनानेच ऑक्सिजन घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो; दोन्ही २ ते ५ टक्क्यांच्या आसपास राहिले तर पिकणे मंदावते. ऑक्सिजन १ टक्क्याखाली गेल्यास चव बिघडते, म्हणून पिशवीची जाडी आणि छिद्रे विचारपूर्वक ठरवावी लागतात. इथिलीन शोषण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या ठेवतात. जांभळा रंग तपकिरी झाला की पुडीचे काम संपले. १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू इथिलीनचा फळावरील परिणामच रोखतो, पण मात्रा चुकल्यास केळी एकसारखी पिकत नाहीत.

बाजारापाशी हीच केळी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन पिकवतात. भारतात १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) इथिलीन वापरता येते. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. घरी आणलेली केळी पूर्ण पिकल्यावर फ्रिजमध्ये ठेवली तर साल काळी पडते, पण गर आणखी काही दिवस खाण्याजोगा राहतो.