दूरच्या तख्ताची जहागीर: वसाहतीच्या स्वातंत्र्यकथेमागची पार्श्वभूमी

अंतराळभर पसरलेलं सरंजामी साम्राज्य, त्याच्या कडेला आणून टाकलेली विस्थापित माणसांची वसाहत आणि तिनं मिळवलेलं स्वातंत्र्य, हे कथानक विज्ञानकथेत वरचेवर येतं. वाचकाला त्यातलं यान पटतं, जहागीरदार मात्र पटत नाहीत. ताऱ्यांपर्यंत पोचलेली माणसं पुन्हा नजराणा आणि सनदांच्या जगात कशाला जातील? याचं उत्तर अंतरात आहे. ते समजून घ्यायला खानदेशाचा जुना इतिहास फार कामाचा, कारण तापीकाठच्या एका जहागिरीनं दिल्लीपासून सुटून दोनशेहून अधिक वर्षं स्वतःचा कारभार केला.

आधी अंतराचं गणित. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीहून दौलताबादमार्गे नंदुरबारवरून पुढे गेला. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, असं त्यानं लिहून ठेवलंय. सिंध ते दिल्ली पन्नास दिवसांची वाट, पण बातमीदारांचं पत्र टपालानं पाच दिवसांत सुलतानाच्या हातात पडे, हेही त्याचंच. म्हणजे बातमी माणसापेक्षा दहापट वेगानं धावत होती. आता सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा घ्या. प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. संदेशाला सव्वाचार वर्षं लागतील आणि प्रकाशाच्या एक दशांश वेगानं निघालेल्या यानाला बेचाळीस. प्रमाण तेच, एकास दहा. सुलतानाला बंडाची खबर लवकर कळते, फौज मात्र बंडखोरांची पुढची पिढी कारभाराला लागल्यावर पोचते.

आणि फौज पाठवायची तर खर्च किती? एक किलो वजन प्रकाशाच्या एक दशांश वेगाला न्यायला साधारण साडेबारा कोटी युनिट वीज लागेल, तीही काही वाया जात नाही असं धरून. भुसावळजवळच्या दीपनगरचे ५०० मेगावॅटचे दोन संच पूर्ण क्षमतेनं चालले, तर ही वीज तयार व्हायला सव्वापाच दिवस लागतील. एका किलोसाठी! पोचल्यावर थांबायला पुन्हा तेवढीच. शंभर किलोचा सज्ज शिपाई म्हणजे दोन्ही संचांची नुसत्या वेग घेण्यातच जवळजवळ दीड वर्षाची कमाई. म्हणून तख्त तिथं फौज ठेवत नाही. जागेवरच्या माणसाला सनद देतं आणि त्याच्याकडून इमान मागतं. सरंजामशाही अंतराळात येते ती अशी, नाइलाजानं.

याच हिशेबानं बऱ्याच कथांतली एक गोष्ट मोडीत निघते. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे खनिजाची किंवा धान्याची खंडणी जाणं शक्य नाही, कारण वाहतुकीपुढे मालाची किंमत शून्य. एकाच सूर्यमालेत ते चालून जाईल. मंगळ तर पृथ्वीपासून प्रकाशाच्या वेगानं तीन ते बावीस मिनिटांवर आहे. ताऱ्यांच्या दरम्यान खंडणी द्यायची ती माहितीची, आराखड्यांची, वाणांची आणि दरबारात नाव घेण्याची.

आता थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं हे गाव, तिथं फारुकी घराण्याच्या कबरी अजून उभ्या आहेत. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं या घराण्याच्या मूळपुरुषाला, मलिक राजाला, थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. त्यानं पहिल्याच दिवशी झेंडा उभारला नाही, उलट मागितलं त्याहून जास्त चाकरी केली. बागलाणच्या राजाला दिल्लीची खंडणी कबूल करायला लावली, हत्ती आणि नजराणे पाठवले, त्याबदल्यात वरचा हुद्दा मिळवला आणि त्या हुद्द्याच्या आडून स्वतःचं घोडदळ वाढवलं. १३८२ च्या सुमारास दिल्लीकडे जाणारा पैसा थांबला. दिल्लीला तेव्हा स्वतःचंच निस्तरत नव्हतं.

चूक झाली ती वाटणीत. १३९९ मध्ये मलिक राजा वारला तेव्हा धुळ्याजवळचा लळिंग एका मुलाकडे आणि थाळनेर दुसऱ्याकडे होतं. थोरल्या नासिरखानानं आसा अहिराकडून सातपुड्यातला असीरगड घेतला. इतिहासकार फेरिश्ता सांगतो तसं, बायकामुलांना आश्रय द्या म्हणून डोल्या वर पाठवल्या आणि डोल्यांतून हत्यारबंद माणसं उतरली. तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं तेही त्यानंच. मग १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीनं त्यानं भावाचं थाळनेर घेतलं. भावानं गुजरातकडे धाव घेतली, अहमदशहा चालून आला आणि नासिरला गुजरातचं मांडलिकत्व पत्करावं लागलं. खान हा किताब त्याला मिळाला तो या शरणागतीनंतर, गुजरातच्या सुलतानाकडून. एका तख्तापासून सुटलेली वसाहत भाऊबंदकीपायी दुसऱ्या तख्ताच्या दारात गेली. स्वातंत्र्यकथा लिहिणाऱ्यानं हा टप्पा गाळू नये. पुढं दुसऱ्या आदिलखानानं (१४५७ ते १५०१) असीरगडाची तटबंदी वाढवली, गोंड मुलखापर्यंत वसुली नेली आणि गुजरातची खंडणी बंद केली. तरी गुजरातचा सुलतान महमूद बेगडा सैन्य घेऊन येताच थकबाकी मोजावी लागली. गुजरात दिल्लीइतकं लांब नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. वरिष्ठ सत्ता किती बलाढ्य आहे यापेक्षा ती किती दिवसांच्या वाटेवर आहे हे आधी मोजावं.

आत्तापर्यंतचा हिशेब जहागीरदाराचा झाला. विस्थापितांची वसाहत वेगळी, कारण ती स्वतःहून आलेली नसते आणि तिच्या नावावर काही नसतं. खानदेशाला हेही नवीन नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. नर्मदा पाणीतंटा लवादाचा १९७९ चा निवाडा वाचला तर विस्थापित वसाहत कशी उभी करावी याचा तयार तक्ताच हाती लागतो. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन. शंभर कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा आणि एक प्रार्थनास्थळ. पन्नास कुटुंबांमागे हौदासह पिण्याच्या पाण्याची एक विहीर आणि झाडाभोवती एक पार. पाचशे कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, गावतळं आणि बियाण्याचं कोठार.

या यादीत दोन नोंदी बारकाईनं बघाव्यात. पार आहे, म्हणजे बसून बोलायची जागा हा पाण्याइतकाच हक्क धरलाय. आणि बियाण्याचं कोठार आहे. अंतराळातल्या वसाहतीचा आराखडा करताना लेखक हवा, वीज, ढाल सगळं काढतात आणि नेमक्या या दोन गोष्टी विसरतात. पाराशिवाय ठराव होत नाही, कोठाराशिवाय तो टिकत नाही.

बियाण्याचं इतकं का? जळगावची केळी पाहा. शेतात दिसते ती बहुतेक ग्रँड नैन जातीची, उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांपासून आलेली, एकाच मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल. दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी साडेचार हजारांच्या आत रोपं बसतात, अकरा-बारा महिन्यांत घड उतरतो, बाजारही हाताशी असतो. पण या केळीत उगवणारी बी नाही आणि सगळी झाडं एकसारखी असल्यानं एक रोग आला की आख्खी बाग जाते. काकडीवरच्या मोझॅक विषाणूनं रावेर-यावल पट्ट्यात हा फटका दाखवून दिलाय. शिवाय दर लावणीला निरोगी रोपांसाठी प्रयोगशाळेच्या दारात जाणं आलंच. याउलट दादर ज्वारी काळ्या जमिनीत रब्बीला ओलीवर येते, तिचं बी घरच्या कणगीत ठेवता येतं आणि कडबा जनावरांना होतो. उत्पन्नाचं बघाल तर केळी, तख्तापासून सुटायचं असेल तर दादर. साम्राज्यानं वसाहतीला कोणतं पीक लावायला सांगितलं यावरून त्याच्या मनातलं ओळखावं.

हवेचा हिशेब त्याहून कडक. माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. दहा हजारांच्या वसाहतीला रोज ८.४ टन. तो पाण्यापासून काढायचा तर रोज साधारण साडेनऊ टन पाण्याचं विघटन करावं लागेल आणि त्याला पन्नास-पंचावन्न हजार युनिट, म्हणजे सतत सव्वादोन मेगावॅटच्या आसपास वीज. आकडा ऐकायला फार मोठा नाही. अडचण सुट्या भागांची आहे. विघटनयंत्रातले पडदे आणि उत्प्रेरक झिजतात आणि ते घडवायला जे कारखाने लागतात ते दहा हजार माणसांत उभे राहत नाहीत. तख्ताची खरी पकड तिथं असते, तोफांत नव्हे.

झाडांवर भिस्त ठेवायची तर ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ ची नोंद समोर ठेवावी. १९९१ मध्ये आठ माणसं सव्वा हेक्टरच्या बंद काचघरात गेली. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदापर्यंत उतरला आणि बाहेरून भरावा लागला. कारण मातीत होतं. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव झाडं सोडत होती त्याहून जास्त ऑक्सिजन खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेत वाढला असता तर गफलत लवकर ध्यानात आली असती, पण तो नव्या काँक्रीटनं शोषून घेतला. म्हणजे बिघाड झाला आणि बिघाड दाखवणारी खूणही नाहीशी झाली. बंद वसाहतीत नुसती पातळी मोजून भागत नाही, जमा-खर्च दोन्ही बाजूंनी लिहावा लागतो.

हवा कमी पडली तर वाटायची कशी? इथं धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची पाणीवाटपाची फड पद्धत कामाला येते. तीन-चारशे वर्षांपूर्वीची ही व्यवस्था. नदीवर बंधारा, तिथून दोन ते बारा किलोमीटरचा कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेताला जाणारे सारंग, आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडम. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक. बंधाऱ्यात पाणी किती ते बघून यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा हे गाव ठरवतं, आणि पाणी सोडणारा पाटकरी गावाचा नेमलेला, गावालाच जबाबदार असतो. खुबी अशी की शेतकऱ्याची जमीन एकाच फडात गोळा झालेली नसावी, तुकडे सगळीकडे असावेत. मग एक फड कोरडा राहिला तर तोटा सगळ्यांचा थोडाथोडा होतो आणि ठराव मोडण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. वसाहतीचे हवाबंद कप्पे असेच वाटावेत. एका घराण्याचा एक कप्पा अशी वाटणी केली की पहिल्याच टंचाईत लळिंग आणि थाळनेर होणार.

कागदाचं थोडक्यात. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे कोणत्याही राष्ट्राला आकाशस्थ पिंडावर मालकी सांगता येत नाही, पण सोडलेल्या यानावर आणि त्यातल्या माणसांवर ज्याच्या पटावर नोंद आहे त्या राष्ट्राचाच अधिकार राहतो. भारतही या करारात आहे. म्हणजे जमीन कुणाचीच नाही आणि पायाखालची फळी मात्र तख्ताची. आजच्या कायद्यावर बेतलेल्या कथेत वसाहतीला पहिल्यांदा मिळवायचा असतो तो नोंदीचा पट, राजवाडा मागाहून.

फारुकींचा शेवट मात्र कागदानं झाला नाही. अकबराचं बळ वाढलेलं पाहून खानदेशच्या राजा अलीखानानं मुघलांचं वर्चस्व मान्य केलं आणि १५९७ मध्ये तो अहमदनगरविरुद्ध मुघलांच्या बाजूनं लढताना पडला. तीन वर्षांत अकबर त्याच्याच मुलावर, बहादूरवर, चालून आला. असीरगडावर धान्य होतं, दारूगोळा होता, तोफा होत्या. पण गडाच्या पोटात लढवय्यांखेरीज बायकामुलं, आश्रित आणि जनावरं कोंडली गेली आणि रोगराई पसरली. मुघल बखरकार पंचवीस हजार मेल्याचं लिहितात. जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत बोलणीसाठी खाली उतरलेल्या बहादूरला अडकवून ठेवलं आणि गडावरच्यांना पैसे चारले असं येतं. दोन्ही हकिकतींत तटाला खिंडार पडून गड गेला असं नाही. बंद जागेत माणसं किती मावतात, दरवाजा कुणाच्या हाती आहे आणि धनी बाहेर गेला तर आत हुकूम कुणाचा, हे तिन्ही प्रश्न गडावर सुटले नव्हते. जानेवारी १६०१ मध्ये गड खाली झाला, बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि मुलूख शहजादा दानियालच्या हवाली केला गेला.