सेवायोजन, मानवतावादी कार्यासाठी विद्यापीठीय

युद्ध, विस्थापन, साथ, दुष्काळ किंवा नैसर्गिक आपत्ती यांत सापडलेल्यांपर्यंत मदत पोहोचविण्याच्या कामात पदवीधरांना शिरता यावे, यासाठी विद्यापीठे व समाजकार्य महाविद्यालये जी मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि नोकरी मिळवून देण्याची व्यवस्था करतात ती. भारतात तिचा विचार प्रामुख्याने समाजकार्य शिक्षणाच्या अंगाने झाला आहे. वैद्यक, अभियांत्रिकी व विधी या शाखांतून या कामाकडे वळणाऱ्यांविषयीची माहिती त्या मानाने विरळ आहे.

संज्ञा : मराठीत ‘मानवतावाद’ हा शब्द मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाशी (माणसाला केंद्रस्थानी मानणाऱ्या विचारसरणीशी) आधीच जोडला गेला आहे. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे स्वतः रॉयवादी असल्याने कोशवाङ्मयातही तोच अर्थ रुळला. मदतकार्याच्या संदर्भातील ‘मानवतावादी’ हे विशेषण निराळे आहे. त्यामागे रेड क्रॉसची परंपरा (1863) असून मानवता, निःपक्षपात, तटस्थता व स्वातंत्र्य ही तत्त्वे त्यात गृहीत असतात. यांतील पहिल्या तिन्हींना संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1991 च्या 46/182 क्रमांकाच्या ठरावात स्थान दिले. स्वातंत्र्याची भर नंतर पडली. व्यवहारात मात्र समाजकार्य, विकासकार्य व मदतकार्य यांच्या सीमा पुसट आहेत, आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर तिन्हींच्या जाहिराती शेजारीशेजारी लागतात.

‘प्लेसमेंट’ या शब्दाने आणखी घोटाळा होतो. समाजकार्य शिक्षणात तो मुळात क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत नेमण्याचा वाचक होता, आणि ‘ब्लॉक प्लेसमेंट’ (एखाद्या संस्थेत सलग काही आठवड्यांचे क्षेत्रकार्य) या प्रयोगात तो अर्थ अजून टिकून आहे. नोकरीसाठीची मुलाखत हा अर्थ अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालयांकडून आला असावा. जुने अहवाल वाचताना हा भेद न पाळल्यास आकडे फसवे ठरतात.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एक मत ऑक्सफर्डच्या नियुक्ती समितीपासून (1892) सुरुवात करते. केंब्रिजमध्ये अशी यंत्रणा 1902 मध्ये उभी राहिली. परंतु पदवीधरांना शाळामास्तरकी, सरकारी सेवा, पुढे व्यापार अशा वाटा दाखविणे हे या समित्यांचे काम होते. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनमध्ये काढलेल्या व्यवसाय मार्गदर्शन केंद्राला दुसरे मत अग्रक्रम देते. ते केंद्र तर विद्यापीठाचे नव्हतेच. तिसरे मत वस्ती-चळवळीकडे बोट दाखविते. लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल (1884) येथे विद्यापीठातील तरुण गरीब वस्तीत राहून काम करीत, आणि शिकागोचे हल हाउस (1889) त्याच धर्तीवर निघाले. विद्यार्थ्याला आधी वस्तीत नेऊन उभे करायचे व तेथून त्याची वाट त्याला सापडू द्यायची, ही पद्धत समित्यांच्या अर्जांपेक्षा आजच्या क्षेत्रकार्याला अधिक जवळची आहे. त्यामुळे प्रस्तुत विषयापुरते तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतापुरते पाहता आणखी एक धागा जोडावा लागतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात (1905) सदस्यांना प्रदीर्घ उमेदवारी करावी लागे. 1914 मध्ये समाजात आलेले ठक्कर बाप्पा (मूळचे अभियंते) पुढे दुष्काळ व पूरनिवारणाच्या कामासाठी देशभर हिंडले. मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (1911) कार्यकर्त्यांसाठी अल्पमुदतीचे वर्ग चालविले. यांतले काहीही विद्यापीठीय नव्हते. पण सेवेसाठी शिकावे लागते ही कल्पना येथे परदेशी शिक्षकांच्या आधी रुजली होती.

विद्यापीठाशिवायही लोक या कामात जात, याचे मराठी वाचकाला चटकन आठवणारे उदाहरण म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

मुंबईतील घडण : अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 च्या सुमारास मुंबईत आले व त्यानंतर लवकरच नागपाडा नेबरहुड हाउस सुरू झाले. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने 1936 मध्ये त्याच परिसरात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. वस्तीतले केंद्र आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. 1944 मध्ये संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) हे नाव मिळाले, 1954 मध्ये ती देवनारला गेली व 1964 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईचे निर्मला निकेतन (1955) आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (1963) यांनीही क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी ठेवले.

मदतकार्याशी विद्यार्थ्यांचा थेट संबंध फाळणीनंतर आला. कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत टिसचे अध्यापक व विद्यार्थी कामाला गेले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर (डिसेंबर 1984) विविध समाजकार्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी घरोघर पाहणी केली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी टिसचे तुळजापूर केंद्र (1986) बाधित पट्ट्याच्या अगदी जवळ होते. 2004 च्या त्सुनामीनंतर आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र व पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. त्यामुळे तोवर प्रसंगोपात्त असलेल्या या कामाला पदवीचे रूप लाभले.

क्षेत्रकार्य : एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्याला सामान्यतः आठवड्यातील दोन दिवस एखाद्या संस्थेत, विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘एजन्सी’त, काढावे लागतात. ‘यंदा कुठली एजन्सी लागली?’ हा जून-जुलैमधला ठरलेला प्रश्न. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा, मार्गदर्शकाशी वैयक्तिक चर्चा करायची, समूह चर्चेत तो मांडायचा, आणि वर्षाअखेरीस किंवा परीक्षेनंतर सुमारे महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट. मदतसंस्था उमेदवारात जे शोधतात ते येथेच घडते : गरजांची पाहणी, लाभार्थ्यांची यादी, तक्रार ऐकून नोंदविणे, सरकारी कचेरीतला पाठपुरावा. शिफारसही बहुधा याच मार्गदर्शकाकडून येते. सेवायोजन कक्षाने अर्ज व मुलाखतीची कितीही तयारी करून घेतली, तरी अहवालांची ही वही नसेल तर मदतसंस्थेपुढे ती अपुरी पडते.

क्षेत्रकार्यातून स्वतंत्र उपक्रमही निघाले. मुंबई पोलिसांबरोबर 1984 मध्ये सुरू झालेला महिला व बालक विशेष कक्ष आणि 1996 मध्ये आरंभलेली 1098 या क्रमांकाची, मुलांसाठीची चाइल्डलाइन दूरध्वनी सेवा, हे दोन्ही टिसचे क्षेत्रकृती प्रकल्प. पुढे यांनीच समाजकार्यकर्त्यांसाठी नव्या जागा निर्माण केल्या.

नोकऱ्यांचा ओघ : पदवीनंतरचे चित्र मात्र बराच काळ निराळे होते. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 49 नुसार 500 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील समाजकार्य पदवीधरांची एक मोठी वाट त्यामुळे कामगार कल्याण व कार्मिक विभागांकडे गेली. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 ने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करण्यास सांगितले, आणि 2014 पासून कंपन्यांचे सामाजिक दायित्व (सीएसआर) विभाग मुलाखतींना येऊ लागले. याउलट परकीय अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, त्यामुळे परदेशी निधीवरील संस्थांना काही पदांचे वेतन भागविणे अवघड झाले. सेवायोजन कक्षाच्या यादीत कंपन्या वरच्या आणि मदतसंस्था खालच्या क्रमांकावर दिसतात, त्यात विद्यार्थ्यांच्या ओढीइतकाच या कायद्यांचाही वाटा आहे.

मदतसंस्थांची भरती आपत्तीबरोबर येते, मुदतीच्या करारावर असते व परीक्षांचे वेळापत्रक पाहत नाही. डिसेंबर-जानेवारीत भरणाऱ्या मुलाखतींच्या आठवड्यात ती बसत नाही. तेथे माजी विद्यार्थ्यांचे जाळे अधिक उपयोगी पडते. शिवाय राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) निकषांत नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोजले जाते, म्हणून कक्षाचा कल हमखास भरणाऱ्या जागांकडे असणे स्वाभाविक आहे.

आंतरराष्ट्रीय वाट : संयुक्त राष्ट्रांची कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी योजना 1961 पासूनची आहे. तिचा खर्च प्रायोजक देश उचलतात व बहुतांशी आपल्याच नागरिकांना पाठवितात. भारतीय पदवीधरांना तिचा फारसा लाभ होत नाही. 1970 च्या ठरावानुसार उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाचे दार त्या मानाने अधिक उघडे आहे.