सांचेस व्हिकारियो, अरांचा

(१८ डिसेंबर १९७१ – ). स्पॅनिश टेनिसपटू. जन्म बार्सेलोना येथे. ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन व अमेरिकन या चार प्रमुख स्पर्धा) स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी आणि जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेली पहिली स्पॅनिश महिला. यातील ‘पहिली’ हा शब्द एकेरीपुरताच घ्यावा. तिच्याआधी स्पेनच्याच लिली आल्व्हारेस हिने १९२६ ते १९२८ अशी सलग तीन वर्षे विंबल्डनची अंतिम फेरी गाठली होती आणि १९२९ मध्ये फ्रेंच स्पर्धेत महिला दुहेरी जिंकली होती.

सांचेस हे वडिलांकडचे आणि व्हिकारियो हे आईकडचे आडनाव. स्पेनमध्ये दोन्ही लावतात. अरांचा हे आरांत्साझू या बास्क नावाचे लघुरूप. बास्क प्रांतातील ओन्याती गावाजवळच्या डोंगरात त्या नावाचे मेरीमातेचे तीर्थस्थान आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात (बहुधा १४६८ किंवा १४६९) एका मेंढपाळाला काटेरी झुडपात मेरीची मूर्ती दिसली आणि ‘तू, काट्यांत?’ असे उद्गार त्याने काढले, त्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. ‘आरांत्सा’ म्हणजे काटा आणि ‘झू’ हा विपुलता दाखवणारा प्रत्यय, म्हणून ‘काटेरी झुडपांची जागा’, ही दुसरी व्युत्पत्ती. स्थलनामांची घडण पाहता दुसरी अधिक ग्राह्य वाटते. खेळाडूच्या नावातील ‘च’ मात्र ‘चमचा’तला नव्हे, ‘चार’मधला उच्चारावा.

एमिलियो आणि हाव्हियेर हे तिचे थोरले भाऊही व्यावसायिक टेनिसपटू. ती १९८५ मध्ये व्यावसायिक झाली. १९८९ च्या फ्रेंच स्पर्धेत अंतिम फेरीत तिची गाठ जर्मनीच्या श्टेफी ग्राफशी पडली. ग्राफने त्याआधीच्या सलग पाच ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकलेल्या होत्या. तिसऱ्या सेटमध्ये ५-३ अशी आघाडी घेऊन ग्राफ सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होती. तेथून अरांचाने सलग चार गेम घेतले आणि ७-६, ३-६, ७-५ असा विजय मिळवला. त्या वेळी ती साडेसतरा वर्षांची, म्हणजे या स्पर्धेची तोवरची सर्वांत लहान विजेती होती. पुढच्याच वर्षी सोळा वर्षांच्या मोनिका सेलेसने तो विक्रम मोडला.

उंची १.६९ मी.; सर्व्हिस भेदक नव्हती. तिची ताकद पायांत होती. हातचा गेलेला वाटणारा चेंडू ती धावून परत करी, दोन हातांच्या बॅकहँडने रॅली लांबवी आणि प्रतिस्पर्ध्याला आणखी एक फटका मारायला लावी. दुसऱ्या सर्व्हिसचा चेंडू ती कमरेमागे लावलेल्या क्लिपमध्ये अडकवून ठेवी. त्यामुळे बॅकहँडसाठी दोन्ही हात मोकळे राहत.

१९९४ हे तिचे सर्वोत्तम वर्ष. ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती ग्राफकडून हरली. पण फ्रेंच स्पर्धेत तिने मेरी पियर्सला ६-४, ६-४ असे, तर अमेरिकन स्पर्धेत पहिला सेट १-६ असा गमावूनही ग्राफला हरवले. त्या वर्षी विंबल्डन कोंचिता मार्तिनेसने जिंकले. म्हणजे चारपैकी तीन विजेतेपदे स्पॅनिश महिलांकडे गेली. ६ फेब्रुवारी १९९५ रोजी ती क्रमवारीत पहिली आली. एकूण १२ आठवडे तिच्याकडे हे स्थान होते. एप्रिल १९९३ मध्ये अव्वल स्थानी असताना झालेल्या चाकूहल्ल्यामुळे सेलेस खेळत नव्हती, म्हणून हे स्थान काहीजण दुय्यम लेखतात. तथापि एका वर्षात तीन अंतिम फेऱ्या आणि ग्राफवर मिळवलेला विजय पाहता हा आक्षेप पुरेसा वाटत नाही.

१९९५ ची विंबल्डन अंतिम लढत ती ग्राफशी ६-४, १-६, ५-७ अशी हरली. तिसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना अरांचाच्या सर्व्हिसवरचा एकच गेम सुमारे वीस मिनिटे चालला. त्यात १३ वेळा ड्यूस (४०-४० अशी बरोबरी) झाला. तो गेम हातून गेला आणि विंबल्डनची एकेरी तिला कधीच मिळाली नाही. १९९८ मध्ये सेलेसला ७-६, ०-६, ६-२ असे हरवून तिने तिसऱ्यांदा फ्रेंच विजेतेपद मिळवले.

दुहेरीत तिने महिला गटात सहा आणि मिश्र गटात चार ग्रँड स्लॅम विजेतेपदे पटकावली. याना नोव्होत्ना आणि हेलेना सुकोव्हा या तिच्या प्रमुख जोडीदार. १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून दोन रौप्य व दोन कांस्यपदके मिळवली. मार्तिनेसच्या साथीने तिने स्पेनला पाच वेळा फेडरेशन कप (देशोदेशींच्या महिला संघांची स्पर्धा) जिंकून दिला (१९९१, १९९३, १९९४, १९९५, १९९८).

२००२ मध्ये ती निवृत्त झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुहेरीपुरती परतली. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.