खरकट्यापासून प्रथिने आणि प्लास्टिक: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

वाया गेलेल्या अन्नावर सूक्ष्मजीव पोसायचे आणि त्यांच्याकडून प्रथिने व निसर्गात कुजणारे प्लास्टिक मिळवायचे, ही कल्पना आज नवलाईची म्हणून मांडली जाते. प्रत्यक्षात तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात यशापेक्षा फसलेले धंदेच जास्त.

पहिल्या महायुद्धात जर्मनीची आयात तुटली, तेव्हा बर्लिनमधील माक्स डेलब्रुक यांच्या संस्थेने यीस्ट या सूक्ष्मजीवाचा प्रथिनांचे पशुखाद्य म्हणून पुरस्कार केला. साखर कारखान्याची मळी आणि अमोनियाचे क्षार यांवर ते वाढवले जाई. दुसऱ्या महायुद्धात कागद गिरण्यांचे सांडपाणीही कामी आले. म्हणजे सुरुवात टाकाऊ मालावरच झाली होती.

साठच्या दशकात वाट भलतीकडेच वळली. खनिज तेल स्वस्त होते, म्हणून फ्रान्समध्ये आल्फ्रेड शांपान्या यांनी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीसाठी तेलातील पॅराफिनवर (मेणासारख्या घटकावर) यीस्ट वाढवले. १९७३ मध्ये तेल कडाडले. इटलीत उभारलेल्या अशाच कारखान्याला सुरक्षिततेच्या शंकांनी घेरले आणि तो नीट चाललाच नाही. ब्रिटनमध्ये आयसीआय या रसायन कंपनीने बिलिंगहॅमला मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ हे पशुखाद्य बनवले. त्यासाठी अवाढव्य फर्मेंटर (जिवाणू वाढवण्याची टाकी) उभारला, पण सोयापेंडीच्या भावापुढे तेही टिकले नाही. त्या पिढीतले माणसांच्या ताटात टिकलेले मोठे नाव एकच, ‘क्वॉर्न’. ते बुरशीचे असून १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला आले. त्यातही बुरशी गरम करून तिच्यातील आरएनए हे पेशींतले न्यूक्लिक आम्ल कमी करावे लागते, नाहीतर खाणाऱ्याच्या रक्तात युरिक आम्ल वाढते.

प्लास्टिकची कथा पॅरिसमध्ये सुरू होते. पाश्चर संस्थेतील मोरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये जिवाणूंच्या पेशींत पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट) हा प्लास्टिकसारखा पॉलिमर ओळखला. जिवाणूंच्या दृष्टीने ही चरबीसारखी शिल्लक. कार्बन भरपूर मिळाला, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपला, की पेशी वाढायची थांबते आणि जास्तीचा कार्बन कणांच्या रूपात साठवते. ‘क्युप्रियाव्हिडस निकेटर’ हा जिवाणू अशा वेळी कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी भरून घेऊ शकतो. गंमत म्हणजे साठच्या दशकात अमेरिकेत याच जिवाणूचा विचार अंतराळवीरांच्या प्रथिनांसाठी चालला होता! नायट्रोजन दिला तर प्रथिने, रोखला तर प्लास्टिक. दोन्ही धागे इथे एकत्र येतात, तरी उद्योग म्हणून ते बराच काळ वेगळेच राहिले.

पीएचबीचा धंदाही आयसीआयनेच केला. ‘बायोपोल’ नावाने आलेल्या या प्लास्टिकच्या शाम्पूच्या बाटल्या १९९० मध्ये जर्मनीत विकल्या गेल्या. जिवाणूंना खाऊ घालायची होती शुद्ध साखर, त्यामुळे माल साध्या प्लास्टिकच्या कितीतरी पट महाग पडला.

दोन्हीकडे घोडे अडले ते कच्च्या मालाच्या भावापाशी. म्हणून नजर पुन्हा कचऱ्याकडे गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. मात्र हा माल फुकट असला तरी सरळ नाही: त्यात तेल, मीठ, तंतू सगळे मिसळलेले, आणि रोजचे मिश्रण वेगळे. त्यामुळे बहुतेक प्रयोग दोन टप्प्यांत चालतात. आधी ते हवेशिवाय आंबवायचे, पण बायोगॅस होऊ न देता ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशा आम्लांवर थांबवायचे. मग ती आम्ले दुसऱ्या जिवाणूंना द्यायची. सांडपाण्याच्या गाळातले मिश्र जिवाणू आलटून पालटून भरपेट आणि उपाशी ठेवले, की पेशीत प्लास्टिक साठवणारेच टिकतात. निर्जंतुक फर्मेंटरचा खर्चही वाचतो.

प्रथिनांपुढे मात्र नियमांची भिंत आहे. २००१ च्या ब्रिटनमधील लाळ्या-खुरकुताच्या साथीचा उगम डुकरांना घातलेल्या खरकट्याशी जोडला गेला आणि अशा खाद्यावर आधी तिथे, मग युरोपीय संघात बंदी आली. खरकट्यावर वाढलेले जिवाणू पशुखाद्यात घालायचे तर त्याच शंकेला उत्तर द्यावे लागते. माझ्या मते या जोडगोळीत प्लास्टिकच आधी बाजारात रुळेल, कारण ते कोणाच्या पोटात जायचे नसते.