रायचे पार्लमेंटमधील प्रतिनिधित्व : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील राय हे गाव आज समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. मध्ययुगात त्याच्या टेकडीच्या पायथ्याशी भरतीचे पाणी येत असे. पुढे गाळ साचत गेला, किनारा सरकला आणि बंदराचा व्यापार ओसरला. पार्लमेंटमधल्या जागा मात्र बंदर ओसरल्यावरही शेकडो वर्षे टिकल्या. १३६६ पासून १८३२ पर्यंत रायचे दोन सदस्य हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसत. त्यानंतर १८८५ पर्यंत एक सदस्य होता. तेव्हापासून राय केंद्रस्थानी असलेल्या मतदारसंघाचा असा सदस्यच राहिला नाही, जरी गावाचे नाव मतदारसंघाला चिकटून राहिले. रायविषयी लिहिताना बहुतेक जण १८३२ या सालावर थांबतात. प्रस्तुत टिपणाचा कल १८८५ हे साल अधिक निर्णायक मानण्याकडे आहे.

या जागांचे मूळ आरमारी सेवेत आहे. सिंक पोर्ट्स या बंदरसंघाने राजाला वर्षातून पंधरा दिवस सत्तावन्न जहाजे खलाशांसह पुरवायची आणि त्याबदल्यात कर, न्यायदान व प्रतिनिधित्व यांबाबत सवलती घ्यायच्या, असा तो करार होता. राय आणि शेजारचे विंचेल्सी ही प्रथम हेस्टिंग्ज बंदराची अंगभूत गावे होती, नंतर ती बरोबरीच्या दर्जाला पोहोचली. संघातील आठ ठिकाणांहून प्रत्येकी दोन, असे एकूण सोळा सदस्य कालांतराने पार्लमेंटमध्ये जाऊ लागले.

या सदस्यांना जुन्या कागदपत्रांत ‘बॅरन’ म्हटलेले आहे आणि त्यावरून आजही गफलत होते. बॅरन म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर उमराव येतो, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये वंशपरंपरेने बसणारा जमीनदार येतो. सिंक पोर्ट्सचा बॅरन तसा नव्हता. बंदराच्या सनदेनुसार नागरिकत्वाचा हक्क मिळालेला कोणताही फ्रीमन, म्हणजे प्रसंगी मासळीचा व्यापारी किंवा जहाजाचा मालकसुद्धा, आपल्या गावापुरता बॅरन ठरत असे. हळूहळू हा शब्द त्यांच्यातून कॉमन्सवर पाठवलेल्या दोघांना विशेषत्वाने लागू झाला आणि राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत राजाच्या डोक्यावर छत्र धरणाऱ्या त्यांच्या प्रतिनिधींनाही. हे छत्र चांदीने मढवलेल्या दांड्यांवर पेललेले असे, दांड्यांना घंटा लावलेल्या असत आणि समारंभ संपला की छत्र, दांडे आणि घंटा हा सगळा ऐवज बॅरनांच्या वाट्याला येई. १६६१ च्या राज्याभिषेकात राजाच्या नोकरांनी हे छत्र हिसकावण्याचा प्रयत्न केला आणि समारंभाच्या दालनातच दोन्ही बाजूंची ओढाओढ झाली. मिरवणुकीत छत्र धरण्याचा हा मान शेवटचा बजावला गेला तो १८२१ मध्ये. आपल्याकडच्या देवस्थानांत पालखीचे, छत्राचे, अब्दागिरीचे मानकरी असतात. या बॅरनांचे स्थान समजायला तोच शब्द सर्वांत जवळचा आहे. मान हा हक्काने येतो, त्यात जहागीर असतेच असे नाही. म्हणून रायच्या यादीत ‘बॅरन’ असा उल्लेख दिसला की त्याचा अर्थ कॉमन्सचा साधा सदस्य असाच घ्यायला हवा.

या मानकऱ्यांना निवडायचे कोणी, हा प्रश्न त्याहून अवघड होता. संघावर राजाने नेमलेला एक अधिकारी असे, त्याला लॉर्ड वॉर्डन म्हणत. प्रत्येक बंदराच्या दोन जागांपैकी एकीवर आपला माणूस सुचवण्याचा हक्क तो परंपरेने सांगत आला होता. १६९० मध्ये पार्लमेंटने कायदा करून हा दावा मोडीत काढला. कागदावर तो गावांचा विजय होता. रायमध्ये मात्र सरकारची पकड दुसऱ्या दाराने परत आली. मतदानाचा अधिकार गावात राहणाऱ्या आणि गावपट्टी भरणाऱ्या फ्रीमनांना होता. नवा फ्रीमन करून घ्यायचा की नाही हे गावच्या कारभाऱ्यांच्या हाती होते. आणि अठराव्या शतकात कारभार एकाच कुटुंबाभोवती फिरत होता. त्या कुटुंबाकडे महापौरपद पुन्हा पुन्हा जाई. जकात कार्यालयातल्या नोकऱ्या मतदारांना मिळत, मतदार सरकारने सुचवलेल्या उमेदवाराला निवडून देत. महसूल खात्यातील नोकरांचा मताधिकार १७८२ च्या कायद्याने काढून घेतला गेला, तरी ही गाठ सुटली नाही, कारण नोकरी मतदाराऐवजी त्याच्या नातलगाला देण्याला कायद्याची आडकाठी नव्हती.

अशा सुरक्षित जागेचा उपयोग कसा होई, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरवणारा इंग्रज सेनानी, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०५ मध्ये मायदेशी परतला. हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या त्याच्या थोरल्या भावाच्या कारभारावर त्या वेळी कॉमन्समध्ये आरोप होत होते आणि भावाची बाजू मांडायला सभागृहात आपला माणूस हवा होता. एप्रिल १८०६ मध्ये रायने त्याला निवडून दिले. वर्ष उलटायच्या आत तो दुसऱ्या मतदारसंघात गेला. त्याच्याआधी १७९० ते १८०३ रायचे सदस्यत्व सांभाळणारा तरुणही पुढे पंतप्रधान झाला, आणि दोघांनी लॉर्ड वॉर्डनचे पदही भूषवले. एवढ्या लहान गावाने दोन पंतप्रधान दिले असे अभिमानाने सांगितले जाते. खरे पाहता गावाने त्यांना निवडले यापेक्षा ते गावाकडे पाठवले गेले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

गावकऱ्यांना हे सलत होते. १८२० च्या दशकात कारभारी कुटुंबाविरुद्ध उघड संघर्ष सुरू झाला. नागरिकत्वाचा हक्क जन्माने आणि वास्तव्याने आपल्यालाही आहे, कारभाऱ्यांच्या मर्जीवर तो अवलंबून नाही, असे रहिवासी म्हणू लागले. १८३० च्या पोटनिवडणुकीत कारभाऱ्यांचा उमेदवार निवडून आल्याचे जाहीर झाले, पण पार्लमेंटपुढे आलेल्या तक्रार अर्जावर निर्णय होऊन त्याचे सदस्यत्व रद्द झाले आणि रहिवाशांच्या बाजूचा सुधारणावादी लष्करी अधिकारी त्या जागी आला. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत तो हरला, १८३१ मध्ये पुन्हा जिंकला. मताधिकार सुधारणेला कडवा विरोध करून १८३० च्या नोव्हेंबरमध्ये सत्ता गमावणारा पंतप्रधान हा रायचाच १८०६ चा सदस्य होता, हे इथे लक्षात घ्यावे.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने बंदरसंघाच्या सोळा जागांच्या आठ केल्या. विंचेल्सी, न्यू रोमनी आणि सीफर्ड यांच्या जागा पूर्ण गेल्या, राय आणि हाइथ यांना एकेक उरली. शिवाय विंचेल्सी आणि भोवतालचा ग्रामीण भाग रायच्या मतदारसंघात घातला गेला. तरीही पुढची त्रेपन्न वर्षे राय हे त्या मतदारसंघाचे केंद्र होते आणि मतदारांची संख्या पूर्वीच्या मूठभरांपेक्षा कितीतरी वाढलेली होती. गावाला खऱ्या अर्थाने आपला म्हणता येईल असा प्रतिनिधी कधी मिळाला असेल, तर तो याच काळात.

१८८५ च्या फेररचनेत ते संपले. ‘राय’ हे नाव पूर्व ससेक्सच्या एका विस्तीर्ण ग्रामीण विभागाला दिले गेले. हेस्टिंग्ज तेवढे आपली स्वतंत्र जागा राखून बाहेर राहिले. नकाशावर नाव तसेच दिसत असल्याने काही गमावले असे कोणाला वाटले नाही. १९०३ च्या पोटनिवडणुकीत लिबरल पक्षाने ही जागा सत्ताधाऱ्यांकडून खेचून घेतली तेव्हा देशभर खळबळ उडाली. १९०६ मध्ये सगळीकडे लिबरल लाट असताना राय उलट्या दिशेने गेले आणि तेव्हा निवडून आलेला काँझर्व्हेटिव्ह जमीनदार १९४५ पर्यंत तिथे राहिला. निवृत्तीच्या वर्षी त्याला बॅरन हा किताब मिळाला, आणि तो हाउस ऑफ लॉर्ड्समधला, म्हणजे वर सांगितलेल्या बंदराच्या मानाहून अगदी वेगळा. १९५० ते १९५५ हा खंड सोडला तर राय नावाचा मतदारसंघ १९८३ पर्यंत चालला. त्यात बेक्सहिलसारखे किनाऱ्यावरचे मोठे शहर होते, म्हणून निकाल रायच्या मतांवर ठरण्याचा प्रश्नच नव्हता.

१९८३ मध्ये तो विभाग मोडला. त्याचा बराचसा भाग बेक्सहिल आणि बॅटल यांच्या नव्या मतदारसंघात गेला आणि राय गाव ‘हेस्टिंग्ज अँड राय’ मध्ये आले. ज्या बंदराचे अंग म्हणून रायची सुरुवात झाली, त्याच्याच जोडीला ते पुन्हा आले. हेस्टिंग्जची लोकसंख्या नव्वद हजारांच्या घरात आहे, रायची पाच हजारांच्या आत. या मतदारसंघात १९९७ मध्ये लेबर पक्ष जिंकला, २०१० मध्ये ती जागा काँझर्व्हेटिव्हांकडे गेली आणि २०१७ मध्ये तत्कालीन गृहमंत्री तिथून केवळ ३४६ मतांनी निवडून आल्या. रायचे मतदार मोजके असले तरी एवढ्या फरकात त्यांचे मत वजनदार होते. गावाला हे वजन फार काळाने मिळाले होते. २०१९ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाने जागा राखली आणि २०२४ मध्ये ती लेबर पक्षाकडे परत गेली.