‘तेल-तूप बंद’ कोणासाठी? रक्तातल्या चरबीच्या आनुवंशिक विकारांची पार्श्वभूमी

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट बिघडला की घरोघरी एकच पथ्य सुरू होतं: तेल-तूप बंद. विकार घराण्यातून आलेला असेल, तर मात्र नेमकी कोणती चरबी आणि कोणता बिघाड, हे आधी कळायला हवं.

१९३२ साली जर्मनीत ब्युर्गर आणि ग्र्युट्झ यांनी एका मुलाची नोंद केली. यकृत आणि प्लीहा वाढलेली, अंगावर पिवळट पुटकुळ्या, रक्त दुधाळ. त्याचा उलगडा १९६०मध्ये हॅवेल आणि गॉर्डन यांनी केला. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून रक्तात येते आणि लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) ते कण फोडतं. या रुग्णांत तेच काम करत नाही. मग साजूक तूप असो की करडईचं तेल, रक्तात साचणारच. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली ही चरबी, हजारांत जाते आणि स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेततं. दिवसाला एकूण १५ ते २० ग्रॅम चरबी, एवढीच मुभा. भाजीतलं मूठभर दाण्याचं कूट त्यातला बहुतेक वाटा संपवतं. अशा घरातल्या आईला रोज काय सांभाळावं लागतं, ते यावरून कळावं.

अशा रुग्णांना एमसीटी (मीडियम चेन ट्रायग्लिसराइड) तेल चालतं, कारण त्यातली मध्यम साखळीची मेदाम्लं कायलोमायक्रॉनमध्ये न शिरता थेट यकृताकडे जातात. खोबरेल म्हणजे एमसीटी, असं समजून ते देऊ नये. त्यात मुख्यतः लॉरिक आम्ल असतं आणि त्यातलं बरंचसं कायलोमायक्रॉनच्याच वाटेनं जातं.

१९६१मध्ये न्यूयॉर्कच्या एड्वर्ड आरेन्स यांनी दाखवलं की काहींचं रक्त चरबीनं नव्हे, तर पिष्टमय पदार्थांनी गढूळ होतं. १९६७मध्ये फ्रेडरिकसन, लेव्ही आणि लीस यांनी या विकारांचे प्रकार पाडले. तेव्हाची एक साधी परीक्षा मला फार आवडते: रक्तद्रव रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी वर साय आणि खाली नितळ, तर दोष कायलोमायक्रॉनचा. साय नाही, पण सगळंच गढूळ, तर ती चरबी यकृतानं तयार केलेली.

कोलेस्टेरॉलची गोष्ट वेगळी. नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी १९३०च्या दशकाअखेर स्नायूंच्या कंडऱ्यांवरच्या गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार घराण्यात एकत्र चालतात हे दाखवलं. पुढे कीज आणि हेगस्टेड यांच्या प्रयोगांतून संपृक्त (तुपासारखी) चरबी कोलेस्टेरॉल वाढवते आणि बहुअसंपृक्त (करडईच्या तेलासारखी) ते उतरवते, हे आकड्यांत आलं. १९७३-७४मध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणारा एलडीएल रिसेप्टर सापडला, तेव्हा पथ्याची मर्यादाही उमगली. या रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून) एकच सदोष असेल तर तुपाऐवजी तेल वापरून थोडा उतार पडतो, पण औषध लागतंच. दोन्ही प्रती सदोष असलेल्या मुलांत मात्र रिसेप्टर जवळजवळ नसतोच, त्यामुळे तेल बदलून फारसं काही हाती लागत नाही.

१९७४मध्ये तशाच गाठी असलेल्या दोन बहिणी आढळल्या, पण कोलेस्टेरॉल वाढलेलं नव्हतं. त्यांच्या रक्तात साचले होते वनस्पतींतले स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखेच पदार्थ. इतरांना हितकर म्हणून सांगितलं जाणारं वनस्पती तेलच या विकारात जपून वापरावं लागतं.